हेड खोललंच आहे तर...

गेले तीन शनिवार मी नाना पेठेत घालवले. एरवी शनिवारी अकराच्या आत न उठणारा माणूस साडेनऊला आंघोळ करून बाहेर पडतोय हे बघून आईला आधी काळजी वाटली आणि मग संशय आला. कारण अगदीच साधं होतं. बाबांच्या बुलेटचं इंजिन खोललंय.

ही बुलेट १९९४ सालची. स्टँडर्ड ३५०, काळी, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, त्यामुळे घरात तिचा मान मोठ्या बहिणीचा आहे. बाबा बँकेत होते, बदल्या व्हायच्या, आणि वाई, फलटण, कऱ्हाड अशा सगळीकडे ते हिच्यावरूनच हजर झाले. माझ्या लहानपणीच्या अर्ध्या आठवणी तिच्या टाकीवर बसून बघितलेल्या आहेत. २०२४ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण आलं (पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं, वर पर्यावरण कर), तेव्हा ते काम उरकलं कसंबसं. पण तेव्हापासून दुखणं वाढतच गेलं. सायलेन्सरमधून निळा धूर, दर आठवड्याला ऑइल कमी. आणि किकवर नुसतं उभं राहिलं की किक हळूहळू, लिफ्टसारखी, खाली जायची. बुलेटवाल्यांना ही खूण माहीत असते. कॉम्प्रेशन गेलेलं.

खोलल्यावर जे अपेक्षित होतं तेच निघालं. बोअर घासलेला, रिंगा संपलेल्या, व्हॉल्व्ह गाइडमध्ये व्हॉल्व्ह डुगडुगतोय, एक्झॉस्टच्या सीटवर खड्डे. म्हणजे बोअर करणं आलं, नवं पिस्टन आलं, गाइड आले. अर्ध्या मिलिमीटरने मोठं पिस्टन बसणार, म्हणजे ३४६ सीसीचं इंजिन ३५१ सीसीचं होणार. पाच सीसी फुकटात :)

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग माझा एक मित्र गॅरेजवर आला. कॉलेजपासूनचा मित्र, गाड्यांचा नाद माझ्यापेक्षा जुना. टेबलावर उघडं पडलेलं हेड त्याने उचललं, पोर्टमध्ये बोट घालून फिरवलं, डॉक्टरसारखा चेहरा केला आणि म्हणाला, "अरे, हेड खोललंच आहेस तर पोर्टिंग करून टाक ना. परत कधी खोलणार आहेस?"

हे 'खोललंच आहे तर' फार वाईट असतं. घराला रंग काढलाच आहे तर ओटा पण बदलून घेऊ. मॉड्यूल उघडलंच आहे तर जरा रिफॅक्टर पण कर. आमच्याकडे एका दोन ओळींच्या दुरुस्तीचं याच वाक्याने तीन महिन्यांचं प्रकरण झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे खरं तर मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण नाही झालो. उलट रात्री दोनपर्यंत जागून वाचत बसलो, कारण मोह मलाही झाला होता. बाबांची बुलेट, पण जरा जोरात पळणारी! मित्राने ओळखीतून भावही काढून दिला, नऊ हजार. इंजिनाच्या सगळ्या कामाचं माझं बजेट पंचवीस हजारांचं. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त पैसे अशा कामासाठी, जे मुळात यादीत नव्हतंच.

आता ज्यांना या विषयाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडंसं. चार स्ट्रोक इंजिनाच्या हेडमध्ये दोन वाटा असतात. एकीतून कार्ब्युरेटरकडून हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसरीतून जळलेला धूर बाहेर जातो. या वाटा म्हणजे पोर्ट. दोन्हींच्या तोंडाशी व्हॉल्व्ह नावाचा दरवाजा. ओतीव काम असल्यामुळे या वाटा आतून खडबडीत असतात, कुठे कंगोरा, कुठे उंचवटा. ग्राइंडर घेऊन हे सगळं साफ करायचं, आकार बदलायचा, बऱ्याचदा वाट मोठी करायची, याला पोर्टिंग म्हणतात. इंजिन म्हणजे शेवटी हवा ओढणारा पंप, जास्त हवा तर जास्त ताकद. ऐकायला एकदम पटतं.

आपल्याकडे या शब्दाला जे वलय आहे ते मात्र वेगळ्याच गाडीने मिळवून दिलंय असं माझं मत आहे. यामाहा आरएक्स १००. १९८५ ते १९९६ इतकीच वर्षं निघालेली ९८ सीसीची गाडी, पण कोल्हापूरपासून नाशिकपर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये पोर्टिंग म्हटलं की अजून तीच आठवते. पण ती टू-स्ट्रोक. तिच्यात बुलेटसारखे व्हॉल्व्ह नाहीत. पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीलाच पाडलेल्या खिडक्या, आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो आणि झाकतो. तिथे खिडकीची वरची कड एखादा मिलिमीटर वर सरकवली की खिडकी लवकर उघडते आणि उशिरा बंद होते. म्हणजे एका कानशीने तुम्ही चार स्ट्रोक गाडीचा अख्खा कॅम बदलल्यासारखं होतं! गाडीचा स्वभावच बदलतो, चांगला किंवा वाईट. त्यामुळे 'पोर्टिंग केलं आणि गाडी उडायला लागली' या कथा खोट्या नाहीत. फक्त त्या दुसऱ्या जातीच्या इंजिनाच्या आहेत. बुलेटमध्ये दरवाजा कधी उघडायचा आणि किती उघडायचा हे कॅम ठरवतो. पोर्ट तुम्ही कितीही घासा, त्याला त्याचं काही नाही. शब्द एक, कामं दोन, आणि भाव मात्र पहिल्या कामाच्या कीर्तीवर लावलेला.

असो. आता आमच्या गाडीचं गणित. दहावीच्या पुढचं काही नाही, घाबरू नका.

बुलेटचा बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी. कंपनीच्या कागदावर १८ अश्वशक्ती, आणि तीसुद्धा साडेपाच हजार आरपीएमच्या वर. टॅकोमीटर तर गाडीला नाहीच, पण चाकाचा घेर आणि गिअरचे दाते मांडून बघितलं तर टॉपमध्ये ८० च्या वेगाला इंजिन साधारण साडेतीन हजारांवर फिरतं. बाबांनी तीस वर्षांत ते पाच हजारांच्या पलीकडे नेलं असेल असं मला वाटत नाही. नेलं असतं तर मागे बसलेल्या आईने ते इतक्या वर्षांत एकदा तरी ऐकवलं असतं.

साडेतीन हजारांवर पिस्टनचा सरासरी वेग निघतो सेकंदाला १०.५ मीटर. सिलिंडर ७० मिमीचा आणि मिक्कार्ब कार्ब्युरेटरचं भोक २४ मिमीचं, म्हणजे क्षेत्रफळात साडेआठ पट फरक. तेव्हा २४ मिमीच्या वाटेतून हवा जाते सेकंदाला साधारण ८९ मीटरने. हा वेग तब्येतीला चांगला आहे. हवा जोरात वाहते तेव्हा पेट्रोलचे थेंब बारीक होऊन तिच्याबरोबर तरंगत राहतात. आणि वाहत्या हवेला स्वतःचा रेटा असतो, त्यामुळे पिस्टन खाली पोचून परत वर निघाला तरी थोडी हवा अजून आत घुसत राहते.

आता समजा मी वाट २८ मिमीची केली. त्याच आरपीएमला वेग होतो ६६ मीटर. आणि पसरणी घाटात एसटीच्या मागे दोन हजार आरपीएमवर रखडत असताना, जिथे आधी ५१ मीटर होता तिथे होतो साडेसदतीस. पेट्रोल भिंतीला चिकटणार, ओघळणार, थ्रॉटल दिल्यावर इंजिन क्षणभर खोकणार. म्हणजे ज्या ठिकाणी ही गाडी तिच्या आयुष्याची नव्वद टक्के वर्षं असते तिथे मी ती बिघडवणार, आणि ज्या आरपीएमला ती कधी जातच नाही तिथे सुधारणार. शिवाय कार्ब्युरेटर २४ चाच! पुढे कितीही रुंद रस्ता केला तरी टोलनाका एकच उघडा असेल तर गाड्या तेवढ्याच येणार.

मित्राचं म्हणणं, "मग कार्ब पण मोठा टाक ना." बघितलंत? मग कॅम. मग सायलेन्सर. मग क्लच प्लेटा. मग ब्रेक, कारण आता पळणारी गाडी थांबवायला तर पाहिजे.

कॅमचा मुद्दा जरा बघण्यासारखा आहे. व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा त्याच्या कडेभोवती जी फट पडते तिच्यातून हवा आत जाते. फटीचं क्षेत्रफळ म्हणजे व्हॉल्व्हचा घेर गुणिले तो किती उचलला गेला ते. समजा व्हॉल्व्ह ३६ मिमीचा आहे, तर तो ९ मिमी, म्हणजे व्यासाच्या बरोबर चौथा भाग, उचलला जाईपर्यंत ही फट व्हॉल्व्हमागच्या गोल वाटेपेक्षा लहानच असते. साध्या गाडीच्या मवाळ कॅमवर व्हॉल्व्हचा बहुतेक वेळ या उंचीच्या खालीच जातो. म्हणजे अडचण पोर्टमध्ये नाहीच, दरवाजाच्या फटीत आहे. पोर्ट घासणं म्हणजे डेटाबेसची क्वेरी चार सेकंद घेत असताना बटणाचं जावास्क्रिप्ट चकाचक करत बसणं. आम्ही लोक हे रोज करतो म्हणून मला लगेच ओळखू आलं ;)

आणि धरून चालू की काम उत्तम झालं, सगळं जमलं, आणि वरच्या आरपीएमला ५ टक्के ताकद वाढली. वेग किती वाढेल? हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा ५ टक्के ताकदीने टॉप स्पीड वाढतो जेमतेम दीड टक्क्याने. शंभरच्या जागी एकशे एक पूर्णांक सहा. बुलेटच्या स्पीडोमीटरचा काटा नुसत्या थरथरण्यात याच्यापेक्षा जास्त हलतो.

आता उलट बाजू, कारण नुसतं नाकारणं सोपं असतं. हेडचं काम म्हणजे थोतांड असं मी अजिबात म्हणत नाहीये. इंग्लंडात हॅरी वेस्लेक नावाचा एक माणूस होऊन गेला, त्याने हेडमधून हवा कशी वाहते हे मोजण्यातच आयुष्य घातलं. १९३५ च्या एसएस जॅग्वारसाठी त्याने जुन्या साइडव्हॉल्व्ह इंजिनाला ओव्हरहेड व्हॉल्व्हचं हेड आखून दिलं, आणि सत्तरीच्या घरातली अश्वशक्ती शंभरीच्या पार गेली. तेच सिलिंडर, तोच क्रँक. पण नीट बघा, तिथे त्याने होती ती वाट घासली नव्हती. व्हॉल्व्हची जागा, ज्वलनकक्षाचा आकार, हवेचा सगळा मार्गच नवा केला होता. पुढे डेव्हिड विझार्डने मिनीच्या छोट्या इंजिनांवर जे भाराभर प्रयोग लिहून ठेवलेत, त्यातला माझ्यासारख्याला घेण्यासारखा धडा हा की हेडमधला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे व्हॉल्व्हच्या सीटच्या अलीकडचे-पलीकडचे थोडेसे मिलिमीटर. बाहेरून दिसणारा, बोट घालून चाचपता येणारा, फोटोत छान दिसणारा पोर्ट हा त्यामानाने दुय्यम.

ही गोष्ट आमच्या चाचांनी एकही पुस्तक न वाचता सांगितली. चाचा म्हणजे आमचे मेकॅनिक, वय सत्तरीला टेकलेलं, अख्खी गल्ली त्यांना चाचाच म्हणते. मी मोठ्या उत्साहाने माझं ८९ मीटर प्रतिसेकंद वगैरे सांगत होतो. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग त्यांनी हेड उलटं करून दोन्ही व्हॉल्व्ह बसवले आणि इन्टेकच्या पोर्टमध्ये चहाच्या ग्लासभर रॉकेल ओतलं. अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्हच्या कडेने ओल दिसायला लागली. एक्झॉस्टचं तर चक्क ठिपकायलाच लागलं.

"साहेब, दार बंद होत नाहीये," चाचा म्हणाले, "आणि तुम्ही रस्ता रुंद करायला निघालात."

यावर काय बोलणार? गप्प बसलो.

त्यामुळे खरी कामं कुठली ते तिथेच ठरलं. नवे गाइड, कारण गाइड ढिला असला की व्हॉल्व्ह सीटवर दर वेळी नव्या जागी बसतो आणि सीट किती पण छान कापली तरी चार महिन्यांत पुन्हा तेच. मग सीट कटिंग, तेही तीन कोनांत. मधला ४५ अंशांचा, ज्यावर व्हॉल्व्ह टेकतो, आणि त्याच्या वर ३० चा आणि खाली ६० चा, म्हणजे हवेला टोकदार कड न लागता वळता येतं. टेकायची पट्टी साधारण दीड मिलिमीटरची. फार रुंद ठेवली तर कार्बन अडकतो, फार अरुंद केली तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उष्णता हेडला देऊ शकत नाही आणि जळतो. मग लॅपिंग, आणि पुन्हा रॉकेल. या सगळ्याला खर्च पोर्टिंगच्या तिसऱ्या हिश्श्याचाही नाही.

पोर्टला हात लावायचाच नाही असंही नाही. सीटच्या मागे ओतकामाची जी कड राहिली होती ती चाचांनी काढली. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधल्या पॅकिंगला ग्रीस लावून छाप घेतला तर पॅकिंगचं भोक एका बाजूने वाटेत आलेलं दिसलं. ब्लेडने कापून सारखं केलं, खर्च शून्य. माझ्या मते साध्या इंजिनासाठी पोर्टिंग एवढंच. बाकी इन्टेकला आरशासारखं पॉलिश करायचं म्हणाल तर त्याने हवेला फारसा फरक पडत नाही. एक्झॉस्टला केलंत तर कार्बन जरा उशिरा धरतो, हौस असेल तर करा. फोटो मात्र झकास येतो हे मान्य!

पोर्टिंगच्या विरोधात माझ्या मनातला सगळ्यात मोठा मुद्दा पैशाचा नव्हताच पण. आमच्या धंद्यात चुकलं की जुन्या व्हर्जनवर परत जाता येतं, त्यामुळे आम्ही जरा निर्धास्त झालेलो असतो. अ‍ॅल्युमिनियम घासून काढलं की ते झाडूने गोळा करून फेकून द्यायचं असतं. पोर्टची भिंत कुठे किती जाड आहे हे बाहेरून दिसत नाही. ज्याच्याकडे हवा मोजायचं यंत्र नाही (आणि मला भाव सांगणाऱ्याकडे ते नव्हतं, मी विचारलं) तो नुसत्या हाताच्या अंदाजाने घासणार. आधी किती हवा जात होती माहीत नाही, नंतर किती जाते माहीत नाही, तरी सुधारणा झाली म्हणायचं. असा रिपोर्ट मी ऑफिसात दिला तर मॅनेजर मला दारातून परत पाठवेल. आणि हे हेड १९९४ पासून या गाडीवर आहे.

मग मला वाटलं, ताकद हवीच असेल तर जी सगळ्या आरपीएमला मिळेल ती घ्यावी. कॉम्प्रेशन. जुन्या बुलेटचं कॉम्प्रेशन कागदावर ५.५ ला १, आजच्या मानाने अगदीच गरीब. पिस्टन तर बदलायचंच आहे, ते थोडं उंच डोक्याचं घेऊन ६.५ केलं तर थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे कार्यक्षमता ४९ वरून ५३ टक्क्यांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात यातला काही भागच हाती लागेल, पण जो लागेल तो घाटात दोन हजारांवरही लागेल आणि अ‍ॅव्हरेजमध्येही दिसेल. साध्या पेट्रोलवर ठोकण्याची भीती नाही. मी खुश. एक्सेल शीट वगैरे करून झालं. चाचासुद्धा म्हणाले की हे डोक्यातलं बोललात.

रविवारी जेवताना बाबांना दाखवलं. त्यांनी शीट बघितली, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे किक जड होणार का रे?"

होणार. साहजिकच होणार. डीकॉम्प्रेशनची कळ असली तरी पिस्टन नेमक्या जागी आणायला चुकलं तर परतीचा झटका आधीपेक्षा जोरात बसणार. बाबा एकसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांचा उजवा गुडघा गेल्या पावसाळ्यापासून कुरकुर करतो. बटणस्टार्ट या गाडीला नाही. मी ही शीट बनवताना पंधरा कॉलम केले होते, त्यात गुडघ्याचा कॉलम नव्हता.

"तुला चालवायची असेल तर कर," बाबा म्हणाले. "मी मागे बसेन."

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं, रागाने नाही की टोमणा म्हणूनही नाही. पण मला ते फार लागलं. या माणसाच्या मागे बसून मी मोठा झालो. आणि मी काय म्हणून हे इंजिन करायला घेतलं होतं? त्यांनी परत चालवावी म्हणूनच ना? मग माझ्या मित्राने उचलून बघितलेल्या एका हेडपासून मी कुठल्या कुठे आलो होतो.

पिस्टन मूळच्याच कॉम्प्रेशनचं घेतलं.

माझ्या मित्राला हे अजून पटलेलं नाही, आणि त्याच्या जागी तो बरोबर आहे. त्याची गाडी ट्रॅकवर जाते. मोठा कार्ब्युरेटर, जास्त उचलणारा कॅम, मोकळा सायलेन्सर, आणि काटा सतत वरच्या टोकाला. बाकी सगळं मोठं झाल्यावर जेव्हा पोर्टच अडवायला लागतो तेव्हा पोर्टिंगचा पैसा न् पैसा वसूल होतो, आणि तिथे ते न करणं हा मूर्खपणा. ज्याच्याकडे मोजायचं यंत्र आहे अशाकडून करून घ्या, म्हणजे झालं. पण मूळचा कॅम, मूळचा कार्ब्युरेटर, आणि वीकेंडला पुणे-वाई-पाचगणी एवढंच करणाऱ्या गाडीला कुणी 'खोललंच आहे तर' म्हणालं, तर त्याला आधी रॉकेल ओतून दाखवायला सांगा.

नऊ हजार वाचले, त्यातले थोडे पुढचं-मागचं टायर आणि ब्रेक लायनरमध्ये गेले. एक काम मात्र राहिलंय, आणि ते पोर्टिंगपेक्षा खरोखर महत्त्वाचं आहे. हल्ली पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर ते आपोआप सांभाळतो. आमच्या कार्ब्युरेटरचा जेट १९९४ च्या पेट्रोलच्या हिशोबाने पाडलेलं एक भोक आहे, त्याला काय कळणार? मिश्रण कोरडं पडतं, इंजिन तापतं, आणि नवं पिस्टन रनिंग-इनमध्ये असताना ते अजिबात परवडणारं नाही. म्हणून चाचांनी एक नंबर वरचा मेन जेट आणून ठेवलाय. तो टाकायचा की नाही ते प्लगचा रंग बघून ठरेल. पांढरट निघाला तर टाकायचा, विटकरी निघाला तर आहे तोच राहू द्यायचा. रबरी नळ्या मात्र विचार न करता सगळ्या बदलल्या, जुन्या इथेनॉलने चिवट झाल्या होत्या.

पुढच्या शनिवारी गाडी मिळेल. पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर जायचं नाही आणि मुद्दाम इंजिन ओढायचं नाही अशी चाचांची ताकीद आहे. बाबांनी ती ताकीद माझ्यासाठी आहे असं परस्पर ठरवून टाकलंय, आणि वाईपर्यंत गाडी ते नेणार, मी प्लगचा पाना घेऊन मागे बसणार.